रक्ताचा टिळा

मराठी वाचकाची मारवाडच्या राठोडांशी पहिली गाठ पडते ती बहुधा शाळेच्या पुस्तकात, आणि तीही थट्टेच्या सुरात. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री लाल महालात शायिस्ताखानाची बोटं तुटली, तेव्हा दहा हजार स्वारांनिशी सिंहगडाच्या वाटेवर तळ देऊन बसलेला महाराजा जसवंतसिंह काय करत होता? दुसऱ्या दिवशी समाचाराला आलेल्या जसवंतसिंहाला खानाने टोमणा मारल्याची हकीकत प्रसिद्ध आहे: शत्रू आत शिरला तेव्हा मला वाटलं, महाराज माझ्यासाठी लढता लढता कामी आले असतील. पुढे याच जसवंतसिंहाने सिंहगडाला वेढा घातला, त्यात कित्येक महिने घालवले आणि १६६४ च्या मे अखेरीस हात हलवत औरंगाबादची वाट धरली. त्याचं शिवाजी महाराजांशी आतून संधान होतं, अशी कुजबुज मोगली छावणीत तेव्हाच सुरू झाली होती.

आपल्या लेखी हा मोगलांचा एक सरदार. घरी तो कोण होता, हे कळायला जोधपूर गाठावं लागतं. मेहरानगडाच्या एका चौकात संगमरवरी शृंगार चौकी आहे. राठोड राजांचे राज्याभिषेक तिच्यावर व्हायचे. मारवाडात राजाच्या कपाळी टिळा लावण्याचा मान बगडीच्या ठाकुराचा, म्हणजे राजाच्याच एका भाऊबंदाचा. तो आपला अंगठा कापायचा आणि त्या रक्ताने टिळा लावायचा. याची कथा अशी सांगतात की, जोधपूर वसवणाऱ्या राव जोधाचा थोरला भाऊ अखैराज याने गादीवरचा हक्क सोडला आणि धाकट्याच्या कपाळी आपल्या रक्ताचा टिळा रेखला. बगडीचे ठाकूर त्याच अखैराजाचे वंशज. दरबारात बसलेल्या प्रत्येक राठोडाला या विधीचा अर्थ न सांगता कळत असे. गादी तुझी, पण ती दिली आम्ही.

राठोडांचा सगळा इतिहास मला या टिळ्याभोवती फिरताना दिसतो. भाऊबंदकी कशाला म्हणतात हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. आपण तिला राज्याला लागलेली कीड मानतो. मारवाडात मुळात राज्यच भाऊबंदांचं होतं. जमीन कुळाने जिंकायची, ती भावांनी वाटून घ्यायची, या वाटणीला तिकडे भाईबंट म्हणतात, आणि राजा हा त्यातला सर्वांत मोठा वाटेकरी. या रचनेने राठोडांना वाळवंटात पाय रोवून दिले आणि तिनेच त्यांना वेळोवेळी आडवंही केलं.

आता मूळ. पाली शहराजवळच्या बिठू गावात एक देवळी सापडली. देवळी म्हणजे आपल्याकडची वीरगळ. तिच्यावर विक्रम संवत १३३०, म्हणजे इसवी सन १२७३ चा लेख आहे. सेतरामाचा पुत्र राठोड सीहा मरण पावला आणि त्याच्या सोळंकी राणीने, पार्वतीने, ही देवळी उभी केली, इतकाच मजकूर. मारवाडच्या राठोडांचा हा पहिला ठाम पुरावा. भाट-चारणांची कथा मात्र बरीच लांबून येते. सीहा हा कनौजच्या जयचंद गाहडवालाचा वंशज. ११९४ मध्ये चंदावरच्या लढाईत महंमद घोरीकडून जयचंद मारला गेला, कनौज बुडालं, आणि सीहा द्वारकेच्या यात्रेला निघाला असता पालीच्या ब्राह्मणांनी लुटारू मेर-मीणांपासून रक्षण कर म्हणून त्याला थांबवून घेतलं. देवळीत कनौजचं नाव नाही, जयचंदाचं तर नाहीच. शिवाय गाहडवाल राजा गोविंदचंद्राची राणी कुमारदेवी हिचा सारनाथला लेख आहे. त्यात तिच्या नवऱ्याचं गाहडवाल कूळ वेगळं आणि तिच्या आईकडचं राष्ट्रकूट कूळ वेगळं. दोन्ही एकच असती, तर लेख कोरवणाऱ्याला ते ठाऊक नसतं का?

राठोड हे नाव राष्ट्रकूटांवरून आलं याबद्दल फारसा वाद नाही. वाद कोणत्या राष्ट्रकूटांवरून याचा आहे. वेरूळचं कैलास लेणं कोरवणाऱ्या कृष्ण पहिल्याच्या घराण्याच्या फांद्या उत्तरेत बऱ्याच ठिकाणी फुटल्या होत्या असं मानतात. पाली भागातच हथूंडीला दहाव्या शतकात राष्ट्रकूट नावाचे छोटे राजे होते. त्यांचा लेख ज्या गावी मिळाला त्याचं नाव विजापूर, पण कर्नाटकातल्या विजापूरशी त्याचा संबंध नाही. बदायूंलाही राष्ट्रकूटांची एक शाखा होती. गौरीशंकर ओझांनी सीहाचा धागा बदायूंकडे नेला. जोधपूरचे विश्वेश्वरनाथ रेऊ मात्र गाहडवाल आणि राठोड एकच यावर ठाम राहिले. कुलदेवी नागणेचीची कथा तर थेट दक्षिणेकडे बोट दाखवते. सीहाचा नातू धूहड याने चक्रेश्वरीची मूर्ती कर्नाटकातून आणून नागाणा गावी बसवली, अशी परंपरा आहे. दुसरी परंपरा ती कनौजहून आणवते. नागणेचीचं झाड कडुनिंब, म्हणून राठोड निंबावर कुऱ्हाड चालवत नाहीत.

माझं मत विचाराल तर कनौजची वंशावळ पुढे मोगल दरबारात वावरताना जास्त कामाला आली. जिथे प्रत्येक राजाला आपला खापरपणजोबा चक्रवर्ती असल्याचं दाखवायचं होतं, तिथे पालीच्या रस्त्यावर गुरं सोडवणारा सीहा पुरेसा नव्हता. कर्नल टॉडने एकोणिसाव्या शतकात भाटांच्या वह्या इंग्रजीत उतरवल्या आणि ती वंशावळ छापील झाली.

पालीपासून मंडोरपर्यंतचा प्रवास राठोडांना शंभर-सव्वाशे वर्षं पुरला. सीहाचा मुलगा आस्थान याने गोहिलांकडून खेड घेतलं. त्याच्या वंशातल्या मल्लीनाथाच्या नावाने मालाणी प्रांत ओळखला जाऊ लागला. मल्लीनाथाचा पुतण्या चूंडा चारणाच्या घरी लपूनछपून वाढलेला. त्याला १३९५ च्या सुमारास मंडोर मिळालं ते हुंड्यात. इंदा पडिहारांनी गवताच्या गाड्यांत माणसं दडवून तुर्कांकडून किल्ला घेतला खरा, पण टिकवण्याइतकं बळ नव्हतं. त्यांनी मुलगी आणि किल्ला दोन्ही चूंडाला देऊन टाकलं.

चूंडाची मुलगी हंसाबाई चित्तोडच्या राणा लाखाला दिली होती. तिचा नातू कुंभा गादीवर आला तोवर तिचा भाऊ रणमल मेवाडच्या कारभारात इतका माजला होता की, मेवाडी सरदारांना चित्तोड आता राठोडांच्या घशात जाणार असं वाटू लागलं. १४३८ मध्ये त्याला दारू पाजून, त्याच्याच पगडीने खाटेला बांधून मारला. बांधलेला असतानाही खाटेसकट उठून हाताला लागलेल्या पितळी भांड्याने त्याने माणसं लोळवली, असं ख्याती, म्हणजे तिकडच्या बखरी, सांगतात. मुलगा जोधा पळाला. मंडोर मेवाडच्या ताब्यात गेलं आणि पंधरा वर्षं तो वाळवंटात भटकत राहिला.

इथे एक गोष्ट येते, ती वाचून मराठी माणूस चमकतो. दमलेला जोधा एका जाटणीच्या झोपडीत थांबतो. ती गरम बाजरीचा घाट वाढते. तो मधोमध बोटं घालतो आणि भाजतात. म्हातारी म्हणते, तूही त्या जोधासारखाच, कडेकडेने खायचं सोडून मध्ये हात घालतोस. हीच गोष्ट आपण शिवाजी महाराजांची म्हणून ऐकत मोठे झालो आणि चंद्रगुप्त मौर्याचीही सांगतात. मोठ्या माणसाला शहाणपण शिकवायला प्रत्येक मुलखात एक म्हातारी चूल पेटवून बसलेली असते. जोधाने कडेची ठाणी आधी घेतली, १४५३ मध्ये मंडोर परत मिळवलं आणि १२ मे १४५९ रोजी चिडियाटुंक टेकडीवर नव्या किल्ल्याचा पाया घातला. टेकडीवरच्या नाथपंथी साधूला हुसकावलं, त्याने पाण्याचा दुष्काळ पडेल असा शाप दिला, ही कथा जोधपूरचा रिक्षावालाही सांगतो. पायात राजाराम मेघवाल नावाच्या माणसाला जिवंत गाडलं, हे तो सांगेलच असं नाही. त्याच्या वंशजांना जमीन इनाम मिळाली. किल्ल्याची भव्यता बघताना हे एक नाव तेवढं विसरू नये.

जोधाच्या मुलांनी भाईबंटाचा नियम अक्षरशः पाळला. भर दरबारात बिका आपल्या चुलत्याशी, कांधलाशी, कानगोष्टी करताना बघून बापाने चेष्टा केली: काका-पुतणे नवा मुलूख मारायच्या बेतात दिसतात. बिकाने ती चेष्टा मनावर घेतली. १४८८ मध्ये त्याने बिकानेर वसवलं. दूदाने मेडता घेतलं. मीराबाई या दूदाची नात. वाळवंटात एका राजाने मोठं राज्य उभारण्यापेक्षा दहा भावांनी दहा ठाणी धरणं सोपं होतं. विहीर जिथे लागेल तिथे एक राठोड, अशी पसरण झाली.

अडचण आली ती राव मालदेवाला. १५३२ मध्ये गादीवर बसलेला हा मारवाडचा सर्वांत बलाढ्य राजा मानला जातो, आणि त्याला भावांचा वाटा मान्य नव्हता. त्याने वीरमदेवाकडून मेडता हिसकावलं, बिकानेरच्या राव जैतसीला मारून तेही घेतलं. परिणाम व्हायचा तोच झाला. वीरमदेव आणि जैतसीचा मुलगा दोघे जाऊन शेरशाहाला मिळाले. जानेवारी १५४४ मध्ये गिरी-सुमेलला दोन्ही सैन्यं समोरासमोर आली. शेरशाहाने बनावट पत्रं मालदेवाच्या हाती पडतील अशी सोडली. त्यांवरून मालदेवाचे सरदार फितूर वाटावेत. खरं तर पत्रं बनावट आहेत हे ताडणं अवघड नव्हतं. पण ज्याने स्वतःच भावांची घरं घेतली त्याला भावांचा भरवसा कसा वाटावा? मालदेव रातोरात मागे फिरला. जैता आणि कूंपा या दोन सरदारांनी फितुरीचा डाग धुवायला थोडक्या माणसांनिशी पठाणांवर झेप घेतली आणि शेरशाहाची फळी मोडता मोडता राहिली. मूठभर बाजरीसाठी हिंदुस्थानची बादशाही घालवत होतो, असे उद्गार त्याने काढल्याचं प्रसिद्ध आहे. त्या दिवशी पडलेला जैता बगडीचा, रक्ताचा टिळा लावणाऱ्यांच्या घरचा.

मालदेवानंतर मुलांत भांडण. धाकटा चंद्रसेन गादीवर बसला, तो अकबरापुढे वाकला नाही आणि १५८१ मध्ये डोंगरात वारला. थोरला भाऊ उदयसिंह, अंगाने जाड म्हणून मोटा राजा, याला अकबराने १५८३ मध्ये जोधपूर दिलं. त्याची मुलगी जगत गोसाईं सलीमला दिली. ताजमहाल बांधणारा शाहजहान तिचा मुलगा, म्हणजे मोटा राजाचा नातू.

या ‘दिलं’मध्ये सगळं बदललं. आजवर गादी भावांच्या संमतीने मिळायची, आता बादशाही फर्मानाने. बादशाहाने राजाला जी मापं लावली तीच राजाने भावांना लावली: ठाकुराचा मुलगा बापाच्या जागी येणार तर नजराणा भर, पट्ट्याप्रमाणे घोडी-माणसं घेऊन चाकरीला ये. मोटा राजाचा वारस सूरसिंह याच्या काळात त्याचा प्रधान गोविंददास भाटी याने दरबारात बसायच्या जागासुद्धा नेमून दिल्या. रणमलाचे वंशज उजवीकडे, जोधाचे डावीकडे. भाऊ आता रांगेत बसू लागले. तरी अंगठ्याच्या रक्ताचा टिळा काही कोणी बंद केला नाही.

चाकरीची ही नवी तऱ्हा किती कठोर असू शकते हे मुहणोत नैणसीने भोगलं. नैणसी ओसवाल जैन, जसवंतसिंहाचा दिवाण, आणि मारवाडचा पहिल्या प्रतीचा इतिहासकार. मुन्शी देवीप्रसादांनी त्याला राजपुतान्याचा अबुल फजल म्हटलं. त्याच्या ‘ख्याती’त कुळांच्या हकीकती आहेत. ‘मारवाड रा परगनां री विगत’ हा ग्रंथ मला त्याहून मोलाचा वाटतो. जोधपूर, मेडता, सोजत, जैतारण, फलोदी, सिवाणा आणि पोकरण या सात परगण्यांतली गावं, त्यांचं उत्पन्न, विहिरी, पिकं, कोणत्या जातीची माणसं कुठे राहतात, असा तपशील त्यात आहे. युद्धांच्या वर्णनांनी कंटाळलेल्या वाचकाने तो उघडावा. सतराव्या शतकातल्या मारवाडी गावाची विहीर खारी होती की गोडी, हेही त्यात सापडतं. जसवंतसिंह औरंगाबादला असताना नैणसी आणि त्याचा भाऊ सुंदरदास यांच्यावर राजाची मर्जी खप्पा झाली. कैद झाली, एक लाख दंड ठोठावला, दोघांनी दमडी द्यायला नकार दिला. १६७० मध्ये कैदी म्हणून जोधपूरला नेत असताना वाटेत फूलमरी गावी दोघा भावांनी पोटात कट्यारी खुपसून घेतल्या. औरंगाबादहून उत्तरेला निघालं की फुलंब्री लागतं. नाव आणि वाट दोन्ही जुळतात.

जसवंतसिंह १६७८ मध्ये खैबरच्या तोंडाशी जमरूदला वारला, तेव्हा त्याला जिवंत मुलगा नव्हता. दोन राण्या गरोदर होत्या. १६७९ च्या फेब्रुवारीत लाहोरला अजितसिंह जन्मला, पण तोवर औरंगजेबाने मारवाड खालसा करायला घेतलं होतं. बादशाही पद्धतीप्रमाणे इथे गोष्ट संपायला हवी होती. ती संपली नाही, कारण कुळाची जुनी यंत्रणा अजून शाबूत होती. राजा नसला तरी भाऊ होते. दुर्गादास राठोड हा गादीचा वारस नव्हता की मोठा जहागीरदारही नव्हता. रणमलाच्या करण नावाच्या मुलापासून निघालेल्या शाखेतला, सालव्याच्या आसकरणाचा मुलगा. त्याने आणि त्याच्या साथीदारांनी दिल्लीतल्या वेढ्यातून तान्ह्या अजितला बाहेर काढलं आणि जवळजवळ तीस वर्षं मोगलांना मारवाडात सुखाने बसू दिलं नाही.

याच लढ्यात तो आपल्याकडे आला. औरंगजेबाचा मुलगा अकबर राजपुतांना मिळाला, जानेवारी १६८१ मध्ये बापाच्या एका बनावट पत्राने त्याचं बंड कोसळलं. गिरी-सुमेलचाच डाव, फक्त खेळणारा वेगळा. यावेळी राठोड आधी फसले, पण खरं कळताच दुर्गादासाने शहाजाद्याला पाठीशी घातलं आणि मेवाड, वागड, खानदेश ओलांडून थेट संभाजी महाराजांच्या मुलखात आणलं. सीहाच्या पालीच्या मुलखातून निघालेला हा राठोड सुधागडच्या पायथ्याशी, अष्टविनायकाच्या पालीजवळ येऊन उतरला. नोव्हेंबर १६८१ मध्ये पादशहापूरला संभाजी महाराजांची आणि अकबराची भेट झाली. मराठे आणि राठोड यांनी मिळून दिल्लीवर चालून जायचं, हा त्यामागचा हिशेब होता. तो जमला नाही, कारण त्याच वेळी औरंगजेब स्वतःच दक्षिणेत उतरला. १६८७ च्या फेब्रुवारीत अकबर राजापूरहून जहाजाने इराणकडे गेला आणि दुर्गादास मारवाडात परतला. अकबराची मुलं राठोडांकडेच वाढली. पुढे नात सफियतुन्निसा औरंगजेबाकडे पोचली, तेव्हा तिला कुराण शिकवायची सोय करू लागलेल्या आजोबाला कळलं की, दुर्गादासाने मुसलमान शिक्षिका ठेवून तिचं कुराण आधीच करून घेतलं आहे. ज्याने त्याची झोप उडवली त्याच्याबद्दल म्हाताऱ्याला नरमाई वाटली ती यामुळे.

औरंगजेब १७०७ मध्ये गेला आणि अजितसिंह जोधपुरात शिरला. ज्याने त्याला वाचवलं, वाढवलं, गादीवर बसवलं, त्या दुर्गादासाला त्याने काही वर्षांत मारवाडबाहेर घालवलं. तो १७१८ मध्ये उज्जैनला वारला. अजितसिंहाला १७२४ मध्ये त्याचाच मुलगा बखतसिंह याने झोपेत मारलं. थोरल्या अभयसिंहाच्या सांगण्यावरून, आणि बदल्यात त्याला नागौर मिळालं. अभयसिंहाच्या कारकिर्दीतली एक गोष्ट त्याच्या सगळ्या लढायांपेक्षा जास्त टिकली: १७३० मध्ये बांधकामाच्या चुन्याच्या भट्ट्यांसाठी खेजडली गावी झाडं तोडायला माणसं गेली, आणि अमृतादेवीसह ३६३ बिष्णोई झाडांना मिठी मारून मेले.

मराठ्यांशी आता गाठ पडली ती मैत्रीची नव्हती. गुजरातचा सुभेदार असताना अभयसिंहाने १७३२ मध्ये डाकोरला पिलाजीराव गायकवाडांवर मारेकरी घातले. बोलणी करायला आलेल्या माणसाने कानात सांगण्याच्या मिषाने खंजीर खुपसला. पुढच्या पिढीत बखतसिंहाचा मुलगा विजयसिंह आणि अभयसिंहाचा रामसिंह गादीवरून भांडले, रामसिंहाने जयाप्पा शिंद्यांना बोलावलं, आणि नागौरला वेढा पडला. जुलै १७५५ मध्ये विजयसिंहाच्या मारेकऱ्यांनी जयाप्पांना त्यांच्याच छावणीत, ताऊसरला, ठार केलं. खवळलेल्या मराठ्यांनी छावणीत तहासाठी आलेल्या सलूंबरच्या रावतालाही कापलं. त्याचा या खुनाशी संबंध नव्हता. विजयसिंहाला पुढच्या वर्षी अजमेर सोडावं लागलं. याला तिकडे मुंडकटी म्हणतात, कापलेल्या मुंडक्याची भरपाई. १७९० मध्ये पाटण आणि मेडता इथे महादजींच्या डी बॉयनने उरलंसुरलं मोडलं. मेडत्याला केशरी कपडे घालून राठोड घोडेस्वार तोफांवर धावले. शौर्य होतंच, पण कवायती पलटणीपुढे भाऊबंदांची फौज म्हणजे जुन्या काळाने नव्या काळावर केलेली स्वारी होती, आणि तिचा निकाल तासा-दोन तासांचा.

तरी हिशेब एकतर्फी राहिला नाही. १८१८ मध्ये इंग्रजांच्या कैदेतून निसटलेले नागपूरचे अप्पासाहेब भोसले वणवण करत शेवटी जोधपुरात आले. महाराजा मानसिंह नाथपंथाचा कट्टर भक्त, इंग्रजांशी १८१८ मध्ये तह केलेला. पण शरण आलेल्याला तो देईना. अप्पासाहेब महामंदिराच्या आसऱ्याला राहिले आणि १८४० मध्ये जोधपुरातच वारले.

इंग्रजी अमलात ठाकूर आणि राजा दोघेही सुस्तावले. १९२९ साली दुष्काळी कामाच्या नावाने उमेदभवनाचं बांधकाम सुरू झालं, ते १९४३ पर्यंत चाललं. ऑगस्ट १९४७ मध्ये तरुण महाराजा हणवंतसिंहाने जीनांकडून कोरा कागद मिळवला होता, आणि विलीनीकरणाच्या वेळी पेनात लपवलेलं पिस्तूल व्ही. पी. मेनन यांच्यावर रोखलं होतं, हे किस्से सर्वांना पाठ आहेत. त्याच माणसाने १९५२ ची निवडणूक लढवली आणि जयनारायण व्यासांसारख्या मुख्यमंत्र्याला पाडलं. निकाल कळायच्या आत, २६ जानेवारीला, त्याचं विमान कोसळलं. त्याच्या चार वर्षांच्या मुलाला, गजसिंहाला, गादीवर बसवलं.

लोक राठोडांची राजवट १९४९ मध्ये जोधपूर राजस्थानात विलीन झालं तेव्हा संपली असं धरतात. मी ती तीन वर्षं पुढे नेतो. राजस्थान जमीनसुधारणा आणि जागीर पुनर्ग्रहण कायदा १९५२ चा. त्याने ठाकुरांच्या जहागिरी काढून घेतल्या. मारवाडातली बहुतांश जमीन खालशाची नव्हतीच, जहागीरदारांची होती. ती गेली, आणि भावांकडे वाटायला काही उरलं नाही.